दुर्मीळ म्हणजे नेमकं कुठे दुर्मीळ?

मंडळी, मागच्या वेळी एका श्रोत्याने विचारलं होतं : जपानला निघालोय, तिथल्या प्राणिसंग्रहालयांत दुर्मीळ असं काय पाहावं, कशाचे फोटो काढावेत? प्रश्न साधा, पण तत्त्वज्ञानाच्या मास्तरांना विचारल्यावर त्याला फाटे फुटणारच. योकोहामाच्या झूरेशियात ओकापी पाहा. टोकियोच्या उएनोत शूबिल पाहा. हा पक्षी बराच वेळ जागचा हलत नाही, फोटो काढणाऱ्याची चांगली सोय! पण आज आपण एकाच जागी थांबू. मिए प्रांतातलं तोबा मत्स्यालय.

तिथे दोन समुद्री ऊद आहेत, मेई आणि किरा. दोघीही माद्या. पाठीवर तरंगत, छातीवर शिंपले आपटून फोडणारा हा प्राणी १९८२ साली जपानी मत्स्यालयांत आला आणि लोकांना त्याचं वेडच लागलं. १९९४ मध्ये देशभरात १२२ ऊद होते. पुढे अमेरिकेतून नवे येणं थांबलं, आणि टाकीत जन्मलेले नर माद्यांकडे फारसे वळेनात. २०२५ च्या जानेवारीत फुकुओकाचा रिरो गेला. तो शेवटचा नर. आता या दोघींसमोर गर्दी होते ती त्यामुळे.

त्याच मत्स्यालयात सेरेना आहे. डुगाँग, म्हणजे समुद्रगाय. १९८७ साली फिलिपिन्सहून आली. जपानमध्ये मत्स्यालयात असलेली ही एकुलती एक. तिचं खाणं म्हणजे समुद्री गवत, आणि वागणं अगदी संथ. आम्ही गेलो तेव्हा तिच्यापुढे तीन-चारच माणसं होती.

आता विचार करा. दोन्ही प्राण्यांना आपण ‘दुर्मीळ’च म्हणतो. पण ऊद दुर्मीळ झाला तो टाकीत. केसाळ कातड्यासाठी एकेकाळी त्याची बेसुमार शिकार झाली होती, १९११ च्या तहाने तिला आळा बसला, आणि अलीकडे होक्काइदोच्या पूर्व किनाऱ्यावर तो आपला आपण परतलाय, पिल्लंही होताहेत. डुगाँगचं उलट आहे. ओकिनावाच्या समुद्रात अभ्यासकांच्या ओळखीचे जेमतेम तीन उरले होते. त्यातली एक मादी मार्च २०१९ मध्ये मेलेली सापडली. म्हणजे मेई-किरा गेल्या तर मत्स्यालयाची टाकी रिकामी होईल. डुगाँग गेला तर समुद्र रिकामा होईल. हे दोन तोटे आपण एकाच शब्दात कोंबतो, आणि हळहळ मात्र पहिल्याची जास्त करतो.

आपले नैयायिक म्हणत, जमिनीवर घट नाही हे कळायला आधी घट माहीत असावा लागतो. सेरेनाला पाहिलेल्या माणसालाच ओकिनावाच्या पाण्यात काय नाही ते कळेल. टाकीचा उपयोग आम्हाला तरी एवढाच दिसतो. आणि त्यासाठी एका जिवाने जन्मभर एकटं राहावं का, याचं उत्तर आमच्यापाशी तयार नाही.

फोटोचं विचारलं होतंत, तेही सांगतो. फ्लॅश बंद ठेवा, गडद रंगाचे कपडे घाला, भिंग काचेला अगदी टेकवून धरा. आम्ही पांढरा सदरा घालून गेलो होतो. सेरेनाच्या फोटोत तिच्यापेक्षा आम्हीच स्पष्ट आलो आहोत.