नवजात बालकाची कावीळ

बाळाच्या डोळ्यांत व कांतीवर पिवळेपणा दिसू लागला की घरातील मंडळी एक तर भयभीत होतात, नाहीतर ‘सगळ्याच मुलांना होते’ म्हणून स्वस्थ बसतात. सभासद बंधुभगिनींच्या घरी या दोहोंपैकी काहीच घडू नये, एवढ्यासाठी ही माहिती आम्ही येथे देत आहोत.

पूर्ण दिवसांच्या १०० बालकांपैकी सुमारे ६०, तर अपुऱ्या दिवसांच्या १०० पैकी सुमारे ८० बालकांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. तांबड्या रक्तपेशी मोडून ‘बिलिरुबिन’ हे पिवळे द्रव्य तयार होते. ते बाहेर टाकण्याच्या कामास अर्भकाचे यकृत अद्याप सरावलेले नसते. म्हणून ते रक्तात साचते. बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी ते सर्वाधिक वाढते व दोन आठवड्यांत ओसरते. नेमक्या याच सुमारास बाळंतीण रुग्णालयातून घरी आलेली असते. तेव्हा लक्ष ठेवण्याचा भार घरच्यांवरच पडतो.

पुढील बालकांना धोका अधिक असतो: ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेली, आईचा रक्तगट ‘ओ’ व बाळाचा ‘ए’ अथवा ‘बी’, किंवा आई ‘आर-एच निगेटिव्ह’ व बाळ ‘पॉझिटिव्ह’ असलेली, जन्मताना मार लागून रक्त साकळलेली, पुरेसे दूध न मिळणारी, आणि ज्यांच्या थोरल्या भावंडास या काविळीसाठी उपचार करावे लागले होते अशी. काही मुलांत ‘जी-सिक्स-पी-डी’ या द्रव्याची जन्मजात उणीव असते. अशा मुलांस डांबराच्या गोळ्यांचा वासही बाधतो व रक्तपेशी झपाट्याने मोडतात. म्हणून पेटीत गोळ्या घालून ठेवलेली दुपटी, झबली बाळासाठी वापरूच नयेत.

जन्मानंतर २४ तासांच्या आत आलेली, तळहात-तळपायांपर्यंत पसरलेली वा दोन आठवड्यांहून अधिक टिकलेली कावीळ, तसेच बाळ सुस्त होणे, दूध न ओढणे, शौचास पांढरट होणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. द्रव्य फार वाढल्यास ते मेंदूत शिरून कायमचे बहिरेपण वा अपंगत्व आणते. असे क्वचितच घडते, परंतु घडल्यावर उपाय नाही.

वेळीच केलेला उपचार मात्र सोपा आहे. इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयाने १९५८ साली प्रसिद्ध केलेली प्रकाशचिकित्सा आज आपल्याकडेही सर्वत्र रूढ आहे. कोवळे ऊन, घुटी वा गळ्यातील माळ यांनी तिचे काम भागत नाही. अंगावरचे दूध वारंवार पाजावे, दिवस मोजावेत आणि शंका येताच रक्ततपासणी करून घ्यावी, एवढीच आमची विनंती.