मुलांना घेऊन दुबईला निघालात? आधी फराळाचे डबे उघडा

दिवाळीच्या सुट्टीत शाळेची सहल दुबईला निघाली की एखादी आई बॅगेत अनारसे भरून देणारच. अनारशांवर खसखस असते. आपल्याकडे ती वाण्याकडे मिळते. पण ती अफूच्या झाडाचीच बी, आणि संयुक्त अरब अमिरातीत ती नेण्यावर बंदी आहे. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधासाठीही तिथल्या सरकारची परवानगी आधी काढावी लागते. मूल विमानतळावर अडकलं तर उत्तर द्यायला पालक नसतात, सोबतचे शिक्षक असतात. म्हणून आदल्या दिवशी शाळेतच बॅगा उघडून बघा. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

पासपोर्टचं काय? अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारण पाचच वर्षांचा असतो. पाचवीत काढलेला दहावीत संपत येतो, आणि दुबईसाठी तो पुढचे किमान ६ महिने चालू लागतो. तिकिटं काढण्याआधी प्रत्येकाची तारीख तपासा.

तिथे पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग भारतीय वाणिज्य दूतावास. तिथून मिळणारं इमर्जन्सी सर्टिफिकेट फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं. ते मिळायला वेळ लागला तर एक शिक्षक त्या मुलासोबत मागे थांबणार. ३० मुलांमागे दोनच शिक्षक पाठवणाऱ्या शाळांनी हा हिशेब आधी करावा.

शिक्षक कायदेशीर पालक नसतात. दवाखान्यात सही कोणाची, हा प्रश्न रात्री दोन वाजताही येऊ शकतो. त्यासाठी आई-वडिलांच्या सहीचं, उपचारांना संमती देणारं इंग्रजी पत्र सोबत हवं. तेही कागदावर, कारण मोबाइलची बॅटरी संपते.