विश्लेषण : स्तनाच्या कर्करोगाचे कोडे उंदीर कसे उलगडतात?

स्तनातील गाठ हाताला लागते, तोपर्यंत आजार सुरू होऊन अनेकदा बरीच वर्षे लोटलेली असतात. स्त्रीच्या शरीरातील ही सुरुवात डॉक्टरांना पाहता येत नाही. प्रयोगशाळेतील उंदरांत मात्र ती टप्प्याटप्प्याने पाहता येते.

उंदीरच का?

उंदराचे आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचे. त्यामुळे माणसात वर्षानुवर्षे चालणारी प्रक्रिया येथे काही महिन्यांत दिसते. शिवाय स्त्रीप्रमाणेच उंदराच्या मादीतही दुग्धग्रंथींची मुख्य वाढ वयात येताना आणि गर्भारपणात होते.

वयाचा काय संबंध?

चार्ल्स हगिन्स यांनी १९६१ मध्ये सुमारे ५० दिवसांच्या ‘रॅट’ माद्यांना ‘डीएमबीए’ या रसायनाचा एकच डोस दिला. काही महिन्यांत बहुतेकींना गाठी झाल्या. वय वाढल्यावर डोस दिलेल्या माद्यांत हे प्रमाण कमी आढळते. कारण कोवळ्या वयात दुधाच्या नलिकांच्या टोकांवरील पेशी झपाट्याने विभागत असतात आणि त्यांना लवकर इजा होते. आधी पिल्ले झालेल्या माद्यांनाही बरेच संरक्षण मिळते. हिरोशिमा-नागासाकीतील स्त्रियांतही लहान वयात किरणोत्सर्ग सोसलेल्यांना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका अधिक आढळला.

विषाणू आणि जनुके

जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले, की कर्करोगप्रवण जातीच्या उंदरांची पिल्ले दुसऱ्या जातीच्या मादीचे दूध प्यायली, तर त्यांच्यात कर्करोग कमी होतो. त्यामागे दुधातून जाणारा विषाणू असल्याचे पुढे सिद्ध झाले. मुंबईत डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांवरच विषाणू आणि संप्रेरकांच्या संबंधाचा अभ्यास केला. माणसात मात्र असा विषाणू कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. उलट स्तनपानाने आईचा धोका काहीसा कमी होतो.

१९८० च्या दशकात हार्वर्डमध्ये कर्करोगाचे जनुक घातलेला उंदीर तयार झाला. १९८८ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. एक बिघडलेले जनुक पुरेसे नसते, आणखी बिघाड साचावे लागतात, हे अशा उंदरांतून दिसले.

मर्यादा कोणत्या?

स्त्रियांमधील बहुतेक गाठी इस्ट्रोजेनवर वाढतात. लहान उंदरांतील अनेक गाठी तशा नसतात. याबाबतीत ‘रॅट’ माणसाला जवळचा. स्त्रियांत कर्करोग अनेकदा हाडांत पसरतो, उंदरांत मुख्यतः फुप्फुसांत. म्हणून ‘उंदरांवर औषध यशस्वी’ ही बातमी म्हणजे रुग्णाच्या हाती आलेला उपचार नव्हे. मानवी चाचण्या त्यानंतरच सुरू होतात.

वाचकांनी काय घ्यावे?

आजाराची वाटचाल लांबची असते, म्हणजे तो वेळेत गाठण्याची संधीही असते. स्तनात गाठ, त्वचेला खळी किंवा स्तनाग्रातून रक्तस्राव दिसला, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे.