फ्लशच्या बटणामागचं धामणी

सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून निघालेलं पाणी कवडासच्या बंधाऱ्यापाशी येतं. तिथून ते उचललं जातं, सूर्यानगरला शुद्ध होतं, मेंढवण खिंडीजवळ डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जातं आणि काशिदकोपरच्या टाकीत साठतं. मग विरार-नालासोपाऱ्यातल्या एखाद्या सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरतं, आणि पंप त्याला पुन्हा गच्चीवर चढवतो. इतका खटाटोप करून घरात आलेल्या या पिण्याजोग्या पाण्याचं आपण काय करतो? बटण दाबतो!

थोडंथोडकं नव्हे. शहरी माणसाला रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं आपल्याकडचं मानक धरतं. त्यातले ४५ लिटर शौचालयाचे. २०११च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. गुणाकार करा: रोज साडेपाच कोटी लिटर! उसगाव आणि पेल्हार ही दोन्ही धरणं मिळून शहराला रोज देतात सुमारे तीन कोटी.

मग शौचालयाचं भांडं धुवायला मुळात इतकं पाणी लागतं का? खरी गंमत इथेच आहे. काम पाण्याचं प्रमाण करत नाही, वेग करतो. भांड्याखालच्या नळीला एक वाकण असतं. त्यात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि गटाराची दुर्गंधी वर येऊ देत नाही. लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं या वाकणाचं पेटंट घेतलं १७७५ साली. तेव्हा पुण्यात पेशवाई होती!

पाणी बंद असलेल्या दिवशी बादलीनं सावकाश पाणी ओतून पाहा. ते वाकणावरून निवांत ओघळतं, बाकी सगळं जागच्या जागी. तीच बादली धाडकन रिकामी करा, की सारं सुसाट. विरार लोकलमधून एकेक माणूस उतरला तर आतले हलत नाहीत. लोंढा निघाला की दाराशी उभा असलेला, उतरायचं नसलं तरी फलाटावर! काही कमोडांत तर वाकण काठोकाठ भरलं की पुढे पडणारं पाणी मागच्याला ओढूनच नेतं. शेवटी येणारा तो गुडगुड आवाज म्हणजे आत हवा शिरून ही ओढ तुटल्याची खूण.

हे उमगलं की कमी पाण्यात भागवणं हा भांड्याच्या आकाराचा प्रश्न उरतो. १९८० साली ऑस्ट्रेलियात कॅरोमा कंपनीच्या ब्रूस थॉम्पसन यांनी दोन बटणांची टाकी आणली: मोठ्याला ११ लिटर, छोट्याला साडेपाच. नुसती बटणं वाढवून भागलं नाही, भांडंच नव्यानं घडवावं लागलं. आज तेच काम ६ आणि ३ लिटरमध्ये होतं.

पण एवढ्याशा पाण्यात सगळं जातं का? ही शंका कॅनडातल्या तपासनिसांनाही होती. २००३पासून ते चक्क सोयाबीनचा लगदा कमोडमध्ये टाकून पाहू लागले. निदान ३५० ग्रॅम एका फ्लशमध्ये गेला पाहिजे. दणकट भांडी किलोभरही गिळतात.

समजा, चौघांचं घर, माणशी दिवसाला पाच फ्लश. दर वेळी १० लिटर गेले तर २०० लिटर. दोन बटणांच्या टाकीत, माणशी एकदा मोठं आणि चारदा छोटं धरलं, तर ७२. वाचले १२८ लिटर, म्हणजे जवळजवळ एका माणसाचा दिवसभराचा वाटा. जुनी टाकी बदलणं परवडत नसेल, तर पाण्यानं भरलेली लिटरभराची बाटली तिच्यात उभी करा, आतल्या पुर्जांना अडणार नाही अशी. दर फ्लशला तेवढं पाणी कमी जाईल. भांडं मात्र जुनंच असल्यानं एकदा नीट साफ होतंय ना, तेवढं बघा. दोनदा बटण दाबावं लागलं तर बाटली काढून ठेवलेलीच बरी.