उपचार कोठवर? वृद्धापकाळातील इच्छेचा मान

हृदयविकाराने आणि दम्याने जर्जर झालेल्या एका पंच्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांना रात्री एकाएकी धाप लागते. घरची मंडळी मिळेल त्या वाहनाने त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेतात. अतिदक्षता विभागात घशात नळी घालून कृत्रिम श्वसनयंत्र सुरू केले जाते. नळी ओढून काढू नये म्हणून हात खाटेला बांधले जातात. दिवसामागून दिवस जातात, पण सुधारणा दिसत नाही. अखेर डॉक्टर नातेवाइकांना विचारतात, "पुढे काय करायचे?" मुंबईहून आलेला मुलगा बहिणीकडे पाहतो, बहीण आईकडे पाहते. वडिलांना स्वतःला काय हवे होते, हे कोणालाच सांगता येत नाही, कारण ते कोणी कधी विचारलेलेच नसते.

असा प्रसंग आज कोणत्याही गावातील कोणत्याही कुटुंबावर येऊ शकतो. म्हणूनच त्याचा विचार वेळीच व्हावयास हवा.

आयुर्मान वाढले, प्रश्न बदलला

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या घरात पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या एक कोटीहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होती. लसीकरण, शुद्ध पाणी, प्रतिजैविके आणि शस्त्रक्रिया यांचे हे फलित होय. परंतु पूर्वी साथीने किंवा तापाने थोड्या दिवसांत येणारा मृत्यू आता बहुधा दीर्घ आजारानंतर, टप्प्याटप्प्याने येतो. आयुष्य किती वाढेल, या प्रश्नाबरोबरच ते कसे जाईल, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा झाला आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. केवळ वय झाले म्हणून उपचार नाकारणे हा अन्यायच आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, रक्तदाबाची गोळी, मोडलेल्या खुब्यावरील शस्त्रक्रिया यांमुळे ऐंशी वर्षांची आजीही पुन्हा अंगणात वावरू शकते. वय हा निकष नव्हे. उपचाराने त्या व्यक्तीच्या जगण्यात काय भर पडणार आहे, हाच खरा निकष होय.

प्रत्येक उपचाराला त्याची किंमत असते आणि ती केवळ पैशांत मोजता येत नाही. थांबलेले हृदय पुन्हा सुरू करण्यासाठी छातीवर जोराने दाब द्यावा लागतो. वृद्धांची हाडे ठिसूळ असल्याने त्यात फासळ्या मोडण्याचा संभव असतो आणि अनेक व्याधींनी ग्रासलेला रुग्ण त्यातून बरा होऊन घरी परतण्याची शक्यता अल्प असते. स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या अवस्थेत नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते, असे अभ्यासात आढळलेले नाही. त्यापेक्षा घरच्या माणसाने मायेने, घासाघासाने भरवणे अधिक श्रेयस्कर, असे तज्ज्ञांचे मत आहे.

उपशामक शुश्रूषा म्हणजे काय?

"आता काही करण्यासारखे उरले नाही," हे वाक्य आपण ऐकतो. ते बरोबर नाही. रोग बरा करता येत नसला, तरी वेदना, धाप, मळमळ, शय्याव्रण, निद्रानाश आणि भीती यांवर पुष्कळ काही करता येते. या कार्याला उपशामक शुश्रूषा म्हणतात. तिचे आधुनिक स्वरूप डॉ. सिसिली सॉंडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स या संस्थेतून जगापुढे आले. भारतातील अशी पहिली संस्था, शांती आवेदना सदन, १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे सुरू झाली. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून कर्करुग्णांसाठी असे केंद्र कार्य करीत आहे. केरळ राज्याने २००८ मध्ये यासंबंधी स्वतंत्र धोरण स्वीकारले. तेथे ग्रामपंचायतींच्या साह्याने परिचारिका रुग्णाच्या घरी जातात आणि शेजारी-स्वयंसेवक तिला हातभार लावतात.

अशी शुश्रूषा स्वीकारणे म्हणजे लवकर मरण पत्करणे, असा एक गैरसमज आहे. अमेरिकेतील बोस्टन येथे फुफ्फुसाच्या, शरीरात पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास करण्यात आला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर आरंभापासून उपशामक शुश्रूषा मिळाली, त्यांना अखेरच्या काळात तीव्र उपचार कमी घ्यावे लागले, त्यांचे जीवनमान अधिक चांगले राहिले आणि ते सरासरीने सुमारे पावणेतीन महिने अधिक जगले. तीव्र वेदनेवरील मॉर्फीन हे औषध मिळणे सुलभ व्हावे म्हणून अमली पदार्थविषयक कायद्यातही २०१४ मध्ये दुरुस्ती करण्यात आली आहे.

कायदा काय सांगतो?

उपचारांना नकार देण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबाजींनी पवनार येथे अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला व १५ नोव्हेंबर रोजी देह ठेवला. तो एका साधकाचा मार्ग होता. सामान्य माणसाकडून त्याची अपेक्षा कोणी करीत नाही. येथे अभिप्रेत आहे ते इतकेच की, व्यर्थ ठरणारे उपचार थांबावेत आणि वेदनाशमन व सेवा मात्र अखेरपर्यंत चालू राहावी.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निर्णयानुसार, सन्मानाने मरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. प्राणघातक औषध देऊन मृत्यू घडवून आणणे हा मात्र आजही गुन्हाच आहे. बरे होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार विहित पद्धतीने थांबवता येतात आणि त्यासाठी प्रौढ, सुबुद्ध व्यक्तीला आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवता येते.

या इच्छापत्राची पद्धत जानेवारी २०२३ मध्ये सोपी करण्यात आली. इच्छापत्र लेखी असावे. त्यावर दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून साक्षांकित करून घ्यावे. स्वतःला निर्णय घेता येईनासा झाल्यास आपल्या वतीने कोणी बोलावे, त्यांची नावे त्यात लिहावीत. एक प्रत कुटुंबाच्या डॉक्टरांकडे द्यावी आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अधिकाऱ्याकडे सोपवावी. अशी इच्छापत्रे सांभाळण्यासाठी अभिरक्षक नेमण्याची कार्यवाही महाराष्ट्रात २०२४ मध्ये झाली. इच्छापत्र केव्हाही लेखी रद्द करता येते किंवा बदलता येते. रुग्ण शुद्धीवर असून निर्णय घेण्यास समर्थ असेतोवर त्याचा शब्दच प्रमाण राहतो.

उपचार थांबवण्यापूर्वी रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुय्यम मंडळ यांनी सहमती द्यावी लागते. प्रत्येक मंडळात तीन डॉक्टर असतात. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनाही तसे कळवावे लागते. इच्छापत्र नसल्यास निकटच्या नातेवाइकांच्या संमतीने याच मार्गाने जाता येते. मालमत्तेच्या लोभाने किंवा खर्चाच्या कंटाळ्याने कोणी वृद्धाचा घात करू नये, यासाठी ही दक्षता आहे.

गावपातळीवरील कर्तव्य

या कामी या मासिकाच्या वाचकांचा वाटा मोठा आहे. राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकनासाठी आलेल्या वृद्धाला परत न पाठवता तो स्वेच्छेने व समजून सही करीत आहे ना, याची खात्री करून घ्यावी. पंचायत सदस्यांनी अभिरक्षकाची चौकशी करून ती माहिती ग्रामसभेत द्यावी. आयुष्मान आरोग्य मंदिरांतून द्यावयाच्या सेवांमध्ये वृद्धांची व उपशामक सेवा समाविष्ट आहे. ती आपल्या गावी प्रत्यक्ष मिळते काय, हेही पाहावे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी आशा सेविकेच्या साह्याने करणे फारसे कठीण नाही. गावात ज्यांचा शब्द मानला जातो, त्या शिक्षकांनी हा विषय पालकांपुढे मांडावा.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र घरातच करावयाचे आहे. आईवडील हिंडते-फिरते असतानाच त्यांना विचारावे, "तुम्हाला कशाची भीती वाटते? कोठे राहायला आवडेल? कोणता उपचार नको वाटतो?" हे विचारणे अशुभ नाही. काही वृद्ध सांगतील की, शेवटपर्यंत सर्व उपचार करा. त्यांची ती इच्छाही तितक्याच आदराने पाळली पाहिजे. काही म्हणतील, मला माझ्या घरी, माझ्या माणसांत राहू द्या. उत्तर कोणतेही असो, ते त्यांचे स्वतःचे असावे आणि वेळेवर कळलेले असावे. मग अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ येणार नाही, आणि घेतलेल्या निर्णयाचे ओझे त्यांना जन्मभर वाहावे लागणार नाही.