वापरसुलभता चाचणी

वापरसुलभता चाचणी म्हणजे एखादे संकेतस्थळ, मोबाइल ॲप किंवा अन्य डिजिटल साधन ज्यांच्यासाठी तयार केले आहे त्यांच्याच हाती देऊन, नेमून दिलेले काम त्यांना करताना पाहण्याची आणि त्या निरीक्षणातून साधनातील दोष शोधण्याची पद्धत होय. इंग्रजीत ती ‘युजेबिलिटी टेस्टिंग’ या नावाने ओळखली जाते. मतचाचणीत लोक काय म्हणतात ते नोंदवले जाते. येथे त्यांचे बोट पडद्यावर कोठे थबकते ते पाहिले जाते.

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकाने (१९९८, सुधारित २०१८) वापरसुलभतेचे तीन घटक मानले आहेत : काम अचूक व पूर्ण होणे, त्यासाठी लागणारा वेळ व श्रम, आणि वापरणाऱ्याचे समाधान. हे घटक विशिष्ट वापरकर्ते, विशिष्ट उद्दिष्ट व विशिष्ट परिस्थिती यांच्या संदर्भातच मोजायचे असतात. म्हणूनच कार्यालयात सहज चालणारे ॲप शिवारात चालेलच असे नाही.

ई-पीक पाहणीचे उदाहरण

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. पूर्वी तलाठी करीत असलेली पिकांची नोंद त्यानंतर शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, पिकाच्या छायाचित्रासह करणे अपेक्षित झाले. लातूर आणि नांदेड या सोयाबीनच्या जिल्ह्यांत या नोंदीला थेट आर्थिक महत्त्व आहे. २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना शासनाने जाहीर केलेल्या अर्थसाहाय्यासाठी प्रारंभी हीच नोंद आधार मानली गेली होती. पुढे सातबाऱ्यावरील नोंदही ग्राह्य धरण्यात आली. पडद्यावरील एखादा अस्पष्ट शब्द येथे कुटुंबाच्या मिळकतीशी जोडलेला असतो.

अशा ॲपची चाचणी घेताना ‘हे बटण दाबा’ असे सांगितले जात नाही, कारण तसे सांगताच चाचणीचा हेतू संपतो. त्याऐवजी काम शेतकऱ्याच्या भाषेत दिले जाते : ‘दीड एकरात सोयाबीन आहे, त्यात तुरीच्या ओळी आहेत, याची नोंद करा.’ या एका वाक्यात दोन कसोट्या दडलेल्या आहेत. पहिली मापाची. बोलताना एकर आणि गुंठे, तर महसुली दप्तरात हेक्टर आणि आर वापरले जातात. एका एकरात ४० गुंठे असल्याने दीड एकर म्हणजे एक एकर वीस गुंठे. ‘१.२०’ असा आकडा हेक्टरच्या रकान्यात भरला, तर सुमारे ०.६० हेक्टर क्षेत्र दुप्पट होते आणि भरणाऱ्याला आपले काही चुकले असे वाटतही नाही. दुसरी कसोटी शब्दांची. गाव नमुना बारामध्ये ‘निर्भेळ’ व ‘मिश्र’ पीक असे शब्द वापरले जातात. शेतकरी मात्र ‘आंतरपीक’ म्हणतो. काम पूर्ण झाले की नाही एवढेच मोजणारा निरीक्षक या दोन्ही चुका ‘यशस्वी’ म्हणून नोंदवील. त्यामुळे काय भरले गेले हे तपासणे आवश्यक ठरते.

चाचणी शक्यतो शेतातच घेतली जाते. उन्हात पडदा दिसतो का, चिखलाच्या हातांनी बटण लागते का, नेटवर्क गेल्यावर भरलेली माहिती राहते का, हे प्रश्न खोलीत बसून सुटत नाहीत. मात्र चाचणीसाठी सरावाची प्रत व नमुन्याचा गट क्रमांक वापरावा लागतो. अन्यथा सहभागी व्यक्तीच्या खऱ्या सातबाऱ्यावर चुकीची नोंद चढण्याचा धोका असतो.

मोठ्याने विचार करण्याची पद्धत

सर्वाधिक प्रचलित पद्धतीत सहभागी व्यक्ती काम करताना मनात येणारे विचार बोलून दाखवते. संगणकीय साधनांसाठी ही पद्धत क्लेटन लुइस यांनी १९८२ च्या सुमारास आयबीएममध्ये मांडली. निरीक्षकाने मदत करायची नसते, हा तिच्यातील सर्वांत अवघड भाग. वडीलधारा माणूस अडकलेला दिसत असताना गप्प बसणे मराठवाड्यात उद्धटपणाचे वाटू शकते. म्हणून मदत काम संपल्यावर केली जाईल, हे आधीच सांगून ठेवणे बरे.

याच्या उलट अडचण सहभागी व्यक्तीच्या बाजूने येते. घरी आलेल्या पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या वस्तूला नावे ठेवणे अनेकांना प्रशस्त वाटत नाही, आणि ‘चांगलं आहे की’ एवढेच उत्तर मिळते. भारतीयांच्या या संकोचावर अपला लाहिरी चव्हाण यांनी ‘बॉलिवुड पद्धत’ सुचवली. तिच्यात काम एका चित्रपटी प्रसंगात गुंफले जाते : भाचीचे लग्न ठरले आहे, नवरा मुलगा गुंड असून आधीच विवाहित असल्याचे कळले आहे, आणि त्याच्या पहिल्या पत्नीला घेऊन बंगळूरला पोहोचण्यासाठी विमानाचे तिकीट तातडीने काढायचे आहे. प्रसंगात रंगलेला माणूस तिकीट निघत नाही म्हटल्यावर भीड सोडून बोलतो.

किती व कोण

जेकब नील्सन व थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानानुसार एक वापरकर्ता सरासरी ३१ टक्के दोष उघड करतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के दोष सापडतात. ‘पाच पुरेत’ हा लोकप्रिय नियम येथूनच आला. पण तो एकसारख्या वापरकर्त्यांच्या गटापुरताच खरा आहे. लातूर शहरातील महाविद्यालयीन तरुण, देगलूर-बिलोली भागातील तेलुगू बोलणारा शेतकरी आणि मुलाच्या फोनवर अवलंबून असलेली साठीतील शेतकरी स्त्री हे तीन वेगळे गट आहेत. एका गटातील पाच जणांवरून दुसऱ्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही.

गुणांकन

चाचणीनंतर समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली वापरली जाते. तिचे गुण ० ते १०० असतात; ते टक्के नव्हेत. तिच्यात सकारात्मक व नकारात्मक विधाने आळीपाळीने येतात, आणि पाच पायऱ्यांच्या मापनश्रेणीची सवय नसलेल्यांकडून तेथे उलटी उत्तरे दिली जाण्याची शक्यता असते. अशा वेळी विधाने बोलीत वाचून दाखवली जातात, किंवा गुणांऐवजी वेळ, चुका आणि मागावी लागलेली मदत यांच्या नोंदींवर भर दिला जातो.