पाणी आहे, पण वर पोचत नाही

पेंटची वीस लिटरची रिकामी बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच, गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी आणि एक वही. मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्याची नळयोजना तपासायला आलेल्या इंजिनिअरिंगच्या मुलांकडची अवजारं एवढीच होती. सिव्हिल, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर अशा तीन शाखांचा मिळून एक गट. मे महिन्यात मी त्यांच्यामागे हिंडत होतो.

मोखाड्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारी वैतरणा याच डोंगरपट्ट्यातून वाहते. तरीही एप्रिल लागला की पाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. खाली काळा बेसॉल्ट, वर मातीचा पातळ थर आणि उतार उभे, त्यामुळे पडलेलं पाणी मुरायच्या आत निघून जातं. या पाड्याला नदीकाठची विहीर होती, पंप होता, टेकाडावर टाकी होती आणि वरच्या-खालच्या अशा दोन्ही वस्त्यांत सार्वजनिक नळही होते. कागदावर योजना पूर्ण होती. वरच्या वस्तीतल्या बायका मात्र हंडे घेऊन झऱ्यावर जात होत्या.

अडचण काय, असं विचारलं की सगळे एकच सांगत, "पाणी पुरत नाही." पहिल्याच संध्याकाळी एका मुलाने वहीत दुसरी टाकी आणि मोठा पंप काढूनही ठेवला. मार्गदर्शक सरांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "आधी मोजा. मग बोलू."

मोजणी पहाटे सुरू झाली. वॉलमनने चावी फिरवली की दोघी खालच्या नळावर आणि दोघे वरच्या नळावर बादली लावून बसायचे. खाली बादली अर्ध्या मिनिटात भरायची. वर त्याच बादलीला चार मिनिटं लागायची, पुढे धार करंगळीएवढी व्हायची आणि मग नळातून नुसती हवा फुसफुसायची. खालच्या काही नळांना तोट्याच नव्हत्या. हंडा भरून झाला तरी पाणी वाहतच राहायचं.

मग उंची मोजायची होती. मोबाइलवर दिसणारी उंची काही मीटरने चुकते आणि इथे प्रश्नच काही मीटरचा होता. म्हणून लेव्हल नळी काढली. नळीत पाणी भरायचं, एक टोक टाकीच्या तळाशी, दुसरं उतारावर रोवलेल्या बांबूला धरायचं. दोन्ही टोकांतलं पाणी एका पातळीत थांबलं की बांबूवर खूण करायची, खुणेपासून जमिनीपर्यंतचं अंतर वहीत लिहायचं आणि तिथून पुढचा टप्पा धरायचा. वाटेत एक म्हातारे गवंडी काका थांबले. त्यांनी नळी हातात घेतली, बोटाने टिचक्या मारत मारत आत अडकलेला बुडबुडा टोकापर्यंत आणला आणि बाहेर काढला. "बुडबुडा ऱ्हायला तर सगळा हिशोब खोटा," म्हणाले. मुलांनी तोवरचे सगळे आकडे खोडले आणि टाकीपासून पुन्हा सुरुवात केली. त्या गटाबद्दल माझ्या मनात आदर बसला तो तिथे.

मोजल्यावर चित्र उलटं निघालं. जल जीवन मिशनचं माप माणशी दिवसाला 55 लिटर. पाड्यातल्या चारशे माणसांना म्हणजे 22,000 लिटर. पंप चालू असताना टाकीत काठी बुडवून पातळी किती चढते ते मुलांनी बघितलं होतं. टाकीत त्याहून जास्त पाणी पडत होतं. म्हणजे पाणी कमी नव्हतं. टाकीच्या तळापेक्षा वरचे नळ जेमतेम दोन-तीन मीटर खाली होते, खालचे नळ कितीतरी जास्त खाली. दहा मीटर उंचीच्या फरकाने साधारण एक बार दाब मिळतो. वरच्या नळांच्या वाट्याला आलेला थोडासा दाब लांबच्या बारीक पाइपातलं घर्षणच खाऊन टाकत होतं. पाणी मोकळ्या नळांतून खाली पळत होतं. मोठा पंप बसवला असता तर टाकी लवकर भरली असती, विजेचं बिल वाढलं असतं आणि वरच्या वस्तीतल्या बायका झऱ्यावर जातच राहिल्या असत्या.

पाइपांच्या जाळ्याचं गणित करायला ईपीएनेट हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जलतंत्र' कमीत कमी खर्चात कुठे किती व्यासाचा पाइप टाकावा हे काढून देतं. कॉम्प्युटरच्या मुलाने रात्री बसून हे गणित केलं आणि उपाय स्वस्तातला निघाला: खालच्या नळांना तोट्या, टाकीजवळ दोन वस्त्यांसाठी दोन वेगळे व्हॉल्व्ह, आणि वरच्या वस्तीला सकाळी अकराची वेगळी पाळी.

हा आराखडा मुलींनी झऱ्यावर नेला. मुलगे विचारायचे तेव्हा बायका "हो, बरं आहे" म्हणून हंडा उचलायच्या. मुलींशी थांबून बोलायच्या. एक मावशी म्हणाली, "अकराला पाणी सोडून कोणासाठी? आम्ही आठलाच कामाला जातो." दुसरीने विचारलं, "चावी कोणाच्या हातात राहणार? खालच्यांच्याच ना?" या दोन प्रश्नांनी आराखडा बदलला. वरच्या वस्तीची पाळी पहाटे आली आणि त्यांच्या व्हॉल्व्हची चावी वरच्याच वस्तीतल्या एका बाईकडे द्यायची असं ठरलं. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये हे दोन रकाने नसतात.

असं जगात इतरत्रही घडलं आहे. 2007 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थी गटाला स्वस्त इनक्युबेटर करायला सांगितलं होतं. नेपाळमध्ये गेल्यावर त्यांना दिसलं की कमी वजनाची बाळं खेड्यात, घरी जन्मतात आणि इनक्युबेटर असतो शहरातल्या रुग्णालयात. त्यांनी मेणासारखा पदार्थ भरलेली, काही तास ऊब धरून ठेवणारी पिशवी बनवली. तीच पुढे 'एम्ब्रेस'. तिचा नमुना महाराष्ट्रातल्या आयांना दाखवला तेव्हा एकीने सांगितलं की इंग्रजी औषध जहाल असतं म्हणून मी चमचाभर सांगितलं तर अर्धाच देते. तसंच 37 अंश सांगितलंत तर मी तिसाच्या आसपासच ठेवीन, असंही ती म्हणाली. गटाने तापमानाचे आकडे काढून टाकले आणि ऊब पुरेशी आहे की नाही एवढंच सांगणारी खूण ठेवली. बाळ वाचण्याचा प्रश्न एका आईच्या सावधपणाशी येऊन ठेपला होता, आणि तो समोर बसून ऐकल्याशिवाय कळला नसता.

आपल्याकडे यासाठी वाटा आहेत. आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र, 'सितारा', 1985 पासून आहे. 2014 मध्ये उन्नत भारत अभियान आणि 2016 मध्ये राज्याचं उन्नत महाराष्ट्र अभियान आलं. नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांकही मिळतात. तरी बहुतेक काम सत्राबरोबर संपतं. अहवाल बांधला जातो, मार्क मिळतात, मुलं नोकरीला लागतात आणि पुढची तुकडी पुन्हा शून्यापासून त्याच पाड्याला विचारते, "अडचण काय?" लोक तरी किती वेळा सांगतील? आराखडा ग्रामपंचायतीच्या आणि जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाच्या टेबलावर जायला हवा, मोजणीची वही पुढच्या तुकडीच्या हातात जायला हवी आणि वर्षभराने कुणीतरी तीच बादली घेऊन त्याच नळावर बसायला हवं. एवढं होत नसेल तर कॉलेजने गावाचा वेळ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या तालुक्यात इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक कॉलेज असेल तर ग्रामसभेत ठराव करा आणि प्राचार्यांना पत्र द्या. एकच प्रश्न द्या, पण नेमका द्या. आणि पाण्याचा असेल तर मुलांना एप्रिल-मेमध्येच बोलवा. पावसाळ्यात सगळ्याच योजना चालू दिसतात.